डिजियात्रा : इंदूर विमानतळावरचा अनुभव आणि दुसऱ्या रांगेचा प्रश्न

गेल्या महिन्यात पुण्याला जाताना मी इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर डिजियात्रा ही सेवा पहिल्यांदा वापरली. सोबत माझ्या सासूबाई होत्या. त्यांचे वय ८४, हातात बटणांचा साधा मोबाइल, आणि पणतवाची मुंज पाहायची म्हणून विमानात बसण्याची हौस दांडगी. त्यांच्या मोबाइलवर ॲप चालत नाही, त्यामुळे एकाच घरातल्या, एकाच विमानाच्या आम्ही दोघी दोन वेगळ्या रांगांतून आत गेलो, आणि या सेवेबद्दल मला जे सांगायचे आहे ते बहुतेक त्या दोन रांगांविषयीच आहे. तीस वर्षे वकिली केल्यामुळे कोणत्याही कागदाला होकार देण्यापूर्वी त्यातली बारीक अक्षरे वाचण्याची खोड मला जडली आहे. ती येथेही सुटली नाही, म्हणून हे परीक्षण थोडे लांबले आहे.

प्रथम सेवेविषयी. देशांतर्गत विमानप्रवासात दर टप्प्यावर ओळखपत्र काढून दाखवण्याऐवजी चेहरा दाखवून पुढे जाण्याची ही सोय आहे. मोबाइलवर ॲप घ्यायचे, क्रमांक ओटीपीने पडताळायचा, डिजिलॉकरमार्फत आधार जोडायचे, स्वतःचा फोटो काढायचा आणि प्रवासाच्या वेळी बोर्डिंग पास त्यात घालून तो विमानतळाकडे पाठवायचा. मला सारे मिळून वीस मिनिटे लागली, त्यांतली दहा तरी चष्मा काढून आणि पुन्हा घालून फोटो काढण्यात गेली. एक अडचण आली, पण तिचा दोष सर्वस्वी माझ्या भाच्याचा. तिकीट काढताना त्याने आमच्या आडनावाचे स्पेलिंग हिंदी वळणाने लिहिले होते, त्यामुळे पासवरचे आणि आधारवरचे नाव जुळेना. इंदुरात चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हे नवीन नाही. आमच्याकडे रेशन कार्डावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि आधारवर तिसरे अशी एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे सुखाने नांदत आहेत. विमान कंपनीला फोन करून नाव दुरुस्त करून घेतल्यावर काम झाले. तेव्हा तिकीट आधार समोर ठेवूनच काढावे, आणि मूळ ओळखपत्र तरीही पर्समध्ये ठेवावे, कारण ते कधीही मागितले जाऊ शकते.

प्रवासाच्या दिवशी मात्र सारे विनासायास झाले. प्रवेशद्वारावर पासचा कोड यंत्राला दाखवला, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि वाट मोकळी झाली. सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी पुन्हा एकदा चेहरा दाखवला. हातातलेच सामान होते, त्यामुळे गाडीतून उतरल्यापासून तपासणीच्या ट्रेपर्यंत चार मिनिटे लागली. सोयीच्या बाबतीत मला काही उणे काढता येत नाही. ही सेवा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे सुरू झाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले ज्योतिरादित्य सिंदिया होते. इंदूरला ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली.

सासूबाईंच्या रांगेच्या टोकाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा एक तरुण जवान होता. सोडायला आलेले माझे यजमान बाहेर त्यांच्याजवळ थांबले होते आणि मी आत जाऊन काचेआडून पाहत होते. जवानाने आधार कार्ड हातात घेतले, त्यावरच्या फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहिले, पासवरचे नाव जुळवले आणि "आराम से, माताजी" म्हणत कार्ड परत दिले. नऊ मिनिटे लागली. मागच्या प्रवाशाचे कार्ड हातात येताच तो सासूबाईंचा आधार क्रमांक विसरला असणार. किंबहुना तो त्याने वाचलाच नसणार. माणसाच्या नजरेला विसरण्याची देणगी आहे, आणि आजवर आपला खासगीपणा कायद्यापेक्षा या विसरण्यावरच अधिक टिकून होता. यंत्राला विसरायला सांगावे लागते आणि ते खरोखर विसरले का, हे पाहायला कोणीतरी नेमावा लागतो.

यंत्राला तसे सांगितलेले आहे, हे आधी प्रामाणिकपणे नोंदवते. प्रवाशाच्या ओळखीची माहिती त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये सांकेतिक रूपात राहते, तिचा मध्यवर्ती साठा केला जात नाही, आणि प्रवासापुरती विमानतळाकडे गेलेली माहिती विमान सुटल्यानंतर २४ तासांत पुसली जाते, असे सेवेचे म्हणणे आहे. ही रचना चांगली आहे. सरकारी आशीर्वादाने चालणाऱ्या योजनांत माहिती आधी गोळा करायची आणि तिचे काय करायचे ते मागाहून ठरवायचे, ही जी नेहमीची रीत, तिच्यापेक्षा हा विचार बराच पुढचा आहे. परंतु मंत्रालयाच्या डिजियात्रा धोरणात दोन तरतुदी अशा आहेत की तेथे वकिलाचे बोट थबकते. सुरक्षा यंत्रणांना आणि अन्य सरकारी यंत्रणांना प्रचलित पद्धतीनुसार गरजेप्रमाणे माहिती देता येईल, ही पहिली. आणि सुरक्षेच्या गरजेनुसार माहिती पुसण्याची मुदत बदलता येईल अशी सोय यंत्रणेत असावी, ही दुसरी. म्हणजे २४ तासांचा शब्द दिला आहे, पण तो मोडण्याची किल्लीही त्याच खिशात ठेवली आहे. सुरक्षेची गरज खोटी असते असे मी म्हणत नाही. विमानतळावर ती खरी असते, आणि तिथे सुरक्षा ढिली ठेवा असे कोणताही शहाणा प्रवासी म्हणणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की ती गरज कोण ठरवतो, कोणत्या कागदावर ठरवतो आणि तो कागद मागायचा झाला तर कोणाच्या दारी जायचे.

येथे सेवेचा मालक कोण, हे पाहावे लागते. ती चालवणारे डिजियात्रा फाउंडेशन ही २०१९ साली स्थापन झालेली, नफा न वाटणारी कंपनी आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के असून उरलेले ७४ टक्के बंगळुरू, दिल्ली, हैदराबाद, मुंबई आणि कोची या विमानतळांच्या कंपन्यांकडे आहेत. धोरण मंत्रालयाचे, दारावरचा जवान केंद्र सरकारचा, ओळख आधारची, आणि तरीही संस्था खासगी, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज तेथे चालत नाही, असेच आजवर सांगण्यात आले आहे.

या ठिकाणी मला आपल्या भाषेतली एक गंमत सांगाविशी वाटते. इंदूरची हिंदी वर्तमानपत्रे 'निजता' हा शब्द वापरतात, महाराष्ट्रातली मराठी वर्तमानपत्रे बहुधा 'गोपनीयता' लिहितात. पण मंत्री शपथ घेतात तीही पदाची आणि गोपनीयतेचीच. नागरिकाने सरकारपासून राखायची गोष्ट आणि सरकारने नागरिकापासून राखायची गोष्ट, दोन्हींना आपण एकच शब्द देऊन बसलो आहोत, आणि एकाच शब्दात राहिल्यामुळे दुसरीने पहिलीची जागा कधी घेतली ते लक्षातही येत नाही. त्यापेक्षा आपला जुना 'खासगी' शब्द बरा. होळकरशाहीत त्याला नेमका अर्थ होता. १७३४ साली पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर मिळाली, ती दौलतीपासून वेगळी होती, आणि पुढे अहिल्याबाईंनी देशभर देवळे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्यांचा खर्च त्याच खासगीतून झाला. दौलत राज्याची, खासगी राणीची, हिशेब दोन. सत्ता हातात असतानाही ही रेघ पाळणाऱ्या बाईचे नाव ज्या विमानतळाला आहे, तेथे उभी राहून मी आपला चेहरा कोणत्या वहीत लिहिला गेला याचा विचार करत होते.

कायद्याचा इतिहासही या शंकेला खतपाणीच घालतो. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने एम. पी. शर्मा खटल्यात झडतीच्या संदर्भात खासगीपणाचा हक्क मानला नाही. १९६२ साली खडक सिंह खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन पाहणी करण्याचा नियम रद्द झाला, पण बहुमताने म्हटले की घटनेत खासगीपणाचा हक्क म्हणून काही नाही. त्यानंतरचा महत्त्वाचा खटला आपल्या राज्यातला आहे आणि तो येथील मराठी वाचकांना फारसा माहीत नसतो. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५. मध्य प्रदेश पोलीस नियमावलीतल्या ८५५ आणि ८५६ या नियमांनुसार पोलीस ज्यांच्यावर पाळत ठेवत, त्यांच्यातल्या एकाने दाद मागितली होती. न्यायालयाने नियम रद्द केले नाहीत. मात्र खासगीपणाचा हक्क असू शकतो हे गृहीत धरले, समाजाच्या सुरक्षेला ज्यांच्यापासून खरोखर धोका आहे त्यांच्यापुरतीच ही पाळत मर्यादित राहील असा अर्थ लावला, आणि हे नियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, तेव्हा सरकारने ते सुधारावेत, असेही सुनावले. मध्य प्रदेशातला एक माणूस रात्री दार वाजते म्हणून दिल्लीपर्यंत गेला आणि हक्काचे दार किंचित किलकिले करून आला. ते पुरते उघडायला आणखी ४२ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हमीत तो सामावलेला आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा.

ही कसोटी डिजियात्रेला लावली तर काय दिसते? हेतू रास्त आहे, गर्दी कमी होते आणि ओळख पक्की होते. पण सेवेमागे संसदेचा स्वतंत्र कायदा नाही, मंत्रालयाचे धोरण आहे. त्यावरचे उत्तर असे दिले जाते की ही सेवा ऐच्छिक आहे, प्रवासी स्वतः होकार देतो, मग सक्तीचा प्रश्न येतो कुठे? उत्तर वाजवी आहे, आणि माझ्या मते सारा मुद्दा येथेच येऊन ठेपतो. होकाराला अर्थ असतो तो नकाराची सोय असेल तेव्हा. विमानतळावर नकाराची सोय म्हणजे सासूबाईंची रांग. आज इंदुरात त्या रांगेत आणि माझ्या रांगेत पाच मिनिटांचा फरक पडला, तेव्हा माझा होकार खरा होता. उद्या त्या रांगेची दोन दारे बंद करून एक ठेवले, एका दारावरचा जवान दुसरीकडे नेला, आणि फरक चाळीस मिनिटांचा झाला, तर ॲपमध्ये एक अक्षरही न बदलता ही सेवा सक्तीची होईल. त्यासाठी अधिसूचना लागणार नाही, संसदेत चर्चा होणार नाही, आणि न्यायालयात आव्हान द्यायला हातात कागदही नसेल. ही भीती हवेतली नाही. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना नीट न विचारताच त्यांचे चेहरे टिपले जातात, अशा तक्रारी जाहीरपणे झाल्या होत्या आणि सेवा ऐच्छिक असल्याचे मंत्रालयाला पुन्हा सांगावे लागले होते.

मग कायदा कुठे आहे? तो आहे, पण अर्धा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. नागरिकाची माहिती सांभाळणाऱ्यांवर त्यातून जी मुख्य बंधने येतात, त्यांना १८ महिन्यांची सवलत आहे. याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले, तो बदल मात्र त्याच महिन्यात लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती देण्यास अधिकारी नकार देऊ शकत, आणि व्यापक लोकहित असेल तर तीही द्यावी लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे कारण पुरते. (कलम ८(२) मधली लोकहिताची तरतूद शिल्लक आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे, पण पोटकलमातला दिलासा वापरून पाहणाऱ्यालाच त्याची किंमत कळते.) शिवाय कलम १७ नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून वगळू शकते. नागरिकाच्या खासगीपणाचे कुलूप यायला दीड वर्ष, आणि सरकारी दप्तराचे कुलूप ताबडतोब. एकाच कायद्याने दोन्ही कामे केली.

इतके लिहिल्यावर मी या सेवेच्या विरोधात आहे असे वाटेल, तर तसे नाही. तुलनेसाठी एक अनुभव सांगते. याच वर्षी एका तीर्थक्षेत्री आम्ही एका लॉजवर उतरलो. मी तेथे झाकलेल्या क्रमांकाचे आधार दिले, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि जे खुद्द आधार प्राधिकरणच उपलब्ध करून देते. काउंटरवरच्या मुलाने ते नाकारले, पूर्ण कार्डाची झेरॉक्स मागितली आणि ती एका उघड्या खोक्यात टाकली. त्या खोक्यात किती घरांचे पत्ते, जन्मतारखा आणि फोटो पडले होते कोण जाणे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना चार विरुद्ध एक अशा मताने उचलून धरताना खासगी कंपन्यांना आधारची वाट मोकळी करणारा कलम ५७ चा भाग काढून टाकला, हे त्या खोक्यापर्यंत पोहोचलेले नाही. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स कोणालाही देत बसू नका असा इशारा दिला, तो दोन दिवसांत मागे घेण्यात आला. इशारा चुकीचा होता म्हणून नव्हे, त्याचा गैरअर्थ काढला जाईल म्हणून. त्या खोक्यापुढे डिजियात्रेची रचना शंभर पटींनी सभ्य आहे. सरकारच्या सत्तेची चिंता करताना आपण झेरॉक्सच्या खोक्यांकडे कानाडोळा करतो, ही आपलीही चूक आहे.

आमच्या ओळखीच्या सराफ्यातल्या व्यापाऱ्यांत या ॲपबद्दल वेगळीच धास्ती होती. डिसेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर खाते करबुडव्यांना शोधण्यासाठी डिजियात्रेची माहिती वापरणार अशा बातम्या आल्या होत्या. डिजियात्रेने आणि सरकारने त्या ठामपणे नाकारल्या. बातमी खोटी ठरली, तरी ती इतक्या लवकर खरी का वाटली, याचे उत्तर त्या 'प्रचलित पद्धती'त आहे.

ॲपच्या बाजूचा एक मोठा गुण म्हणजे ते काढून टाकता येते. हे क्षुल्लक वाटेल. पण २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून घालण्याचा आदेश काढला होता, तो ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला मागे घेतला. (दूरसंचार खातेही ग्वाल्हेरच्या त्याच मंत्रिमहोदयांकडे. योगायोग.) मी स्वतः प्रवास संपल्यावर ॲप काढून टाकते आणि पुढच्या वेळी पुन्हा घेते.

गुण द्यायचे झाले तर सोयीला पाचपैकी साडेचार, रचनेला चार, आणि उत्तरदायित्वाला दीड. एकटीने, घाईत, हातातल्या सामानासह जायचे असेल तर मी ही सेवा पुन्हा वापरेन. संसदेने तिच्यासाठी कायदा केला, फाउंडेशन माहिती अधिकाराखाली आले, माहिती कोणाला कितीदा दिली याचा आकडा दरवर्षी जाहीर झाला, आणि ओळखपत्राच्या रांगेत निदान किती दारे उघडी राहतील हे लेखी ठरले, तर तिसरा गुणही वाढवीन.

परतताना पुण्याला मी ॲप उघडले नाही, सासूबाईंच्या मागे कार्ड घेऊन उभी राहिले. मुंजीतल्या मुलाने भिक्षावळीत काय काय मिळवले याचा हिशेब त्या सांगत होत्या. रांग अकरा मिनिटांत सरली, तेव्हा त्या लाडवांपर्यंत पोहोचल्या होत्या.